न पोचलेल्या नोंदींची हिरवी खूण

मी खोपोलीत, शिळफाट्याच्या अलीकडे राहते आणि घरी बसून काम करते. घरी बसून काम करते म्हटलं की आमच्या इमारतीतल्या बायका त्याचा अर्थ 'काही करत नाही' असा घेतात आणि आपले गॅस सिलिंडर माझ्याकडे उतरवून ठेवायला सांगतात. प्रत्यक्षात मी फोनवर उघडून माहिती भरायची असते तसली पानं बनवते. पंधरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती, आणि ती मी चारचौघांत मिरवतही असे.

कर्जतला एक संस्था आहे. नाव सांगत नाही. अशा संस्था एकमेकींसारख्या असतात, उगाच प्रत्येकाला ती आपलीच वाटायची. या संस्थेच्या सेविका गावोगाव आणि डोंगरातल्या पाड्यांवर जातात, गरोदर बायकांचं वजन आणि रक्तदाब बघतात, गोळ्या देतात, लहान मुलांना काट्यात बसवून त्यांची वजनं घेतात. हे सगळं आधी कागदी नोंदवहीत लिहिलं जायचं. मग संस्थेला नवे संचालक मिळाले. ते सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि ते स्वतःही स्वतःबद्दल बोलताना "साहेबांचं मत असं आहे" म्हणत. साहेबांचं मत असं होतं की कागद गेला पाहिजे.

सेविकांना दिलेले फोन स्वस्तातले होते आणि नातवंडांच्या व्हिडिओंनी गच्च भरलेले होते. त्यात नवं काही मावणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं की फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान करायचं. सेविकेनं दुवा दाबायचा, माहिती भरायची, 'सादर करा' म्हणायचं, की माहिती थेट सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी थंड खोलीत चालू असलेला तो संगणक, जिथं पोचलं तरच पोचलं म्हणायचं. आणि तिथून ती साहेबांच्या केबिनमधल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. त्या पडद्यावर कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा नकाशा होता. भेट झाली की त्या गावावर हिरवा ठिपका. रक्तदाब जास्त निघाला की लाल ठिपका, आणि डॉक्टरांना आपोआप संदेश. ही लाल ठिपक्याची कल्पना साहेबांची होती आणि ती त्यांनी मला किमान चारदा सांगितली.

मी ते पान माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तयार केलं आणि तिथंच तपासलं. डोक्यावर पंखा, मागे भिंतीवर वायफायचा डबा. नेट गेलं तर काय होतं हेही मी तपासलं: फोनचं नेट हातानं बंद केलं, पानावर 'संपर्क तुटला' असं आलं, पुन्हा चालू केलं, ते गेलं. झालं. मला वाटलं, संपर्क तुटणं म्हणजे काय याचा आपण पूर्ण अभ्यास केला.

उद्घाटन झालं. नारळ फोडला, साहेब बोलले, सेविकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी सगळ्यांसमोर स्वतः एक नोंद भरली आणि बटण दाबलं. कर्जतच्या ऑफिसातलं नेट त्या दिवशी जरा मंद होतं. ते गोल चक्र फिरत राहिलं, सहा-सात सेकंद असतील. मग हिरवी खूण आली आणि खाली माझं वाक्य: 'तुमची माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे.' सगळे हसले, पण साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे फिरणं बरं दिसत नाही. पाहुणे येतात आपल्याकडे."

"सर, सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं."

"उत्तर काय यायचंय? हो म्हणूनच येणार ना?"

मी हसून सोडून दिलं. तेव्हा सोडून दिलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते, कारण पुढे माझ्या बाजूनं नोंदवण्यासारखं फार काही नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. चुका सापडल्या की त्यांना तसा आनंद होई. भिवपुरीच्या वरच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथल्या एका बाईची एकाच दिवशी सात बाळंतपणं झाली होती. वेळा वेगवेगळ्या, वजन तेच, मुलगी तीच. एकूण सात मुली.

"ही सेविका काय करते तिकडे?" साहेब म्हणाले. "आकडे फुगवते. मी चाळीस वर्षं हेच बघत आलो."

ती सेविका कोण हे मला माहीत होतं. खालापूरकडच्या एका कोकणी मुसलमान घरातली बाई, पन्नाशीच्या पुढची, डोक्यावरून ओढणी, पायात पुरुषी सँडल. सगळ्या सेविकांत ती जुनी, आणि सगळ्यांत अवघड पाडे तिच्याकडे. सगळे तिला ताई म्हणत. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मी दाबलं, ते फिरत बसलं, मग 'संपर्क तुटला' म्हणालं. म्हणून परत दाबलं. परत तेच. सातव्यांदा हिरवं झालं."

यात ताईचं काय चुकलं? काहीही नाही. नोंद पहिल्याच वेळी सर्व्हरला पोचली होती. सर्व्हरनं 'मिळाली' असं उत्तरही पाठवलं होतं, ते उत्तर तेवढं डोंगर चढून येऊ शकलं नाही. फोन बिचारा म्हणाला, उत्तर नाही म्हणजे गेलीच नाही. तिनं पुन्हा पाठवली, सर्व्हरनं नवी समजून पुन्हा लिहून घेतली. माझ्या सर्व्हरला आधी आलेली नोंद ओळखायची अक्कलच मी दिली नव्हती. पण हे मला आत्ता इतकं स्वच्छ सांगता येतं. तेव्हा मी ताईला म्हणाले, "ताई, बटण एकदाच दाबायचं असतं."

"बरं," ती म्हणाली.

आणि मग मी दुरुस्ती केली. ती दुरुस्ती अशी होती: बटण एकदा दाबलं की ते दुसऱ्यांदा दाबताच येणार नाही, आणि हिरवी खूण लगेच येईल. माहिती पाठवायचं काम मागे गुपचूप चालू राहील. सेविकेला थांबायला नको, साहेबांना चक्र दिसायला नको. आमच्या धंद्यात या पद्धतीला एक गोंडस इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ 'आशावादी' असा होतो. आशावाद माझा होता आणि त्याचं जे काही होणार होतं ते दुसऱ्याच्या पदरात पडणार होतं, त्यामुळे मला तो फार आवडला. साहेबांनाही आवडला. "आता कसं चटकन होतं!" असं म्हणून त्यांनी तीन नव्या नोंदी भरून तीन वेळा बटण दाबून दाखवलं.

दुहेरी नोंदी थांबल्या. महिनाभर सगळं शांत होतं. खोपोली, खालापूर, कर्जत शहर, हायवेच्या कडेची गावं, सगळीकडे हिरवे ठिपके. मी माझ्या कामाच्या यादीत हे काम 'उत्तम' म्हणून टाकलं.

मग मासिक बैठकीला मला बोलावणं आलं. लांब टेबल, एका बाजूला सेविका, एका बाजूला आम्ही शहाणे, मध्ये वेफर्सच्या बशा, ज्यांना साहेबांनी हात लावेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. भिंतीवरच्या नकाशात भिवपुरीच्या वरचा सगळा भाग रिकामा होता. साहेबांनी ताईला उभं केलं.

"तीन आठवड्यांत चार भेटी. चार. बाकी दिवस तुम्ही कुठे होता?"

"साहेब, मी रोज गेले. रोज भरलं. हिरवी खूण आली दरवेळी."

"मग नोंदी कुठे आहेत?"

"ते मला काय म्हाईत? मी दाबलं, खूण आली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या सेविकांनी बघितलं. मला त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, की बघून सांगते. पण पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या तोंडून 'बघून सांगते' सहजी निघत नाही. मी म्हणाले, "सर्व्हरवर नाही म्हणजे भरलेलीच नाही. सिस्टीम खोटं बोलत नाही."

ताई खाली बसली. तिला कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरलं. सात दिवसांत लेखी खुलासा. मागच्या वेळची सात बाळंतपणंही त्यात घालण्यात आली, म्हणजे आधी न केलेलं काम वाढवून दाखवलं आणि आता काम केलंच नाही, असे दोन्ही आरोप एकाच बाईवर एकाच कागदात. आकडे फुगवणारी बाई नकाशा रिकामा कशाला ठेवेल, हे टेबलाभोवती बसलेल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बैठक संपल्यावर मी जिन्यात चप्पल घालत होते. ताई मागून आली.

"मॅडम, तुमी राहता कुठं?"

"खोपोलीला."

"तिथं रेंज कशी हाय?"

"चांगली आहे."

"मग एक दिवस माझ्याबरोबर चला. उद्याच चला."

मी गेले. मोठेपणानं गेले असं सांगायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी गेले ती तिची चूक डोळ्यांनी बघून, नीट समजावून सांगायला.

सकाळी भिवपुरी स्टेशनवर भेटलो. तिथून रिक्षानं पायथ्यापर्यंत, वीजकेंद्राच्या वसाहतीच्या बाजूनं, आणि पुढे पायवाट. ताईच्या एका खांद्यावर काटा, दुसऱ्या खांद्यावर रक्तदाबाचं यंत्र आणि गोळ्यांची पिशवी. माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली. तरी मीच तीनदा थांबले. ती दरवेळी पुढे जाऊन एखाद्या दगडावर टेकायची आणि मी पोचले की उठायची, त्यामुळे मला बसायला कधीच मिळालं नाही.

पाड्यावर पोचलो. पहिल्या घरात सात महिन्यांची गरोदर बाई होती. ताईनं तिचं वजन घेतलं, दाब घेतला, पाय दाबून सूज बघितली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. पाच मिनिटांत सगळं. मग म्हणाली, "आता तुमी भरा."

मी तिचा फोन हातात घेतला. कोपऱ्यात दोन काड्या दिसत होत्या.

"रेंज आहे की, ताई!"

"काड्या हाइत," ती म्हणाली. "आत काय नाय."

इतक्या थोड्या शब्दांत हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. माझं पान फोनला विचारायचं, 'जोडलेला आहेस का?' फोन म्हणायचा, 'आहे.' त्याचा अर्थ एवढाच की खाली वसाहतीजवळच्या मोबाइलच्या मनोऱ्याशी त्याची नजरानजर होते आहे. पलीकडे एक अक्षर जातं की नाही याचा फोनला पत्ता नसतो. माझ्या घरी फोनचं नेट हातानं बंद केल्यावर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणाला होता. इथे तो 'आहे' म्हणत होता आणि माझं पान त्याच्यावर विश्वास ठेवून बसलं होतं.

मी भरायला लागले. एकेचाळीस रकाने. साहेबांनी सुचवलेला एकही मी गाळला नव्हता. 'अंतिम मासिक पाळीचा दिनांक', 'पूर्वीच्या प्रसूतींचा तपशील', 'कुटुंबाचा शौचालय वापर'. त्या बाईची सासू दारात बसून बघत होती. तिनं तिच्या बोलीत ताईला काहीतरी विचारलं. ताई हसून मला म्हणाली, "ती विचारते, ही बाई परीक्षा देते काय?"

तिसाव्या रकान्याला ताईच्या सुनेचा फोन आला. एवढ्या काड्यांवर बोलणं तेवढं होत होतं. मी फोन ताईला दिला, ती बोलली, परत दिला. पान कोरं होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस रकाने रिकामे. स्वस्तातल्या फोनला जागा कमी पडली की तो मागे गेलेलं पान सरळ टाकून देतो आणि परत आल्यावर नव्यानं उघडतो. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचल्यासारखं माहीत होतं.

पुन्हा भरलं. एकोणचाळिसावा रकाना गरोदरपणाच्या कार्डाच्या फोटोचा. कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आले. पान कोरं.

"फोटो नाय काढायचा," ताई शांतपणे म्हणाली. "मी फोटोच्या जागी काय बी टाकते. माझ्या ओट्याचा एक फोटो हाय, तोच देते."

संस्थेच्या कपाटात, म्हणजे त्या थंड खोलीतल्या संगणकात, एका ओट्याचे कितीतरी फोटो 'गरोदरपण कार्ड' या नावानं साठले होते. कुणी उघडून बघितले नव्हते.

तिसऱ्यांदा भरलं, फोटोच्या जागी तिचा ओटा दिला. बटण दाबलं. चटकन हिरवी खूण आली. 'तुमची माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे.' ताईनं फोन घेतला, बंद केला, पिशवीत टाकला आणि पुढच्या घराकडे चालू लागली. मी तिथंच उभी राहिले. फोन पिशवीत गेला की ब्राउझर झोपतो, आणि मागे गुपचूप चालू असलेलं माझं पाठवणं मध्येच मरतं. त्याला पुन्हा उठवणारं कुणी नव्हतं आणि ती माहिती कुठे ठेवलेलीही नव्हती. मीच ठेवली नव्हती.

दुसऱ्या घरात एक बाई बाळाला पाजत बसली होती. बाळ तीनेक आठवड्यांचं. ताई तिच्याशी बोलली, बाळाला काट्यात घातलं, मग माझ्याकडे न बघता सांगायला लागली.

"हिचा दाब वाढलेला. आठव्या महिन्यात. दीडशेच्या वर. मी भरलं, हिरवी खूण आली. साहेबांनी सांगितलेलं, दाब जास्त असला की लाल होतं, डॉक्टरला आपोआप कळतं. म्हटलं, कळलं असेल. एक दिवस थांबले मी."

"मग?"

"मग काय? डॉक्टरचा फोन नाय, गाडी नाय. दुसऱ्या दिवशी मीच खाली उतरले, दवाखान्यात जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मला काय आलं नाय. मग जीप केली. तवर हिला दिसायचं कमी झालेलं." तिनं बाळाला काट्यातून काढून आईकडे दिलं. "वाचली. दोघं वाचली. पण मी अशी कधी थांबत नाय मॅडम. इतक्या वर्षांत नाय थांबले. तुमची ती खूण आली म्हणून थांबले."

मी मनात तारखा मोजल्या. दुहेरी नोंदी थांबवल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटत होते त्याच आठवड्यात हे झालं होतं.

उतरताना एका वळणावर थोडं नेट येतं. तिथं मी माझ्या फोनवर नोंदी उघडून बघितल्या. माझ्या हातानं भरलेली नोंद नव्हती. मी दहा वेळा ओढून पान ताजं केलं. ताईनं तोवर भाकरी आणि सुकटीची चटणी काढली होती.

"खा," ती म्हणाली. "ती नाय यायची आता. मी लय वाट बघितलीय तिची."

दुसऱ्या दिवसापासून मी ते पान नव्यानं लिहायला घेतलं. त्यात शोध वगैरे काही नव्हता. हे सगळं जगाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं, फक्त ते माझ्या टेबलापर्यंत आलं नव्हतं. आता सेविका एकेक अक्षर लिहील तसं ते फोनमध्येच, ब्राउझरच्या साठ्यात, जपून ठेवायचं, म्हणजे फोन आला, कॅमेरा उघडला, पान मेलं, तरी परत आल्यावर सगळं जागच्या जागी. पान नेट नसतानाही उघडलं पाहिजे. फोनला 'जोडलेला आहेस का' असं विचारायचंच नाही. थेट सर्व्हरला हाक मारायची, ठरावीक वेळात ओ आली नाही तर नाही समजायचं आणि नंतर पुन्हा मारायची. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक खूणक्रमांक द्यायचा. तोच क्रमांक सातदा आला तरी सर्व्हरनं एकदाच लिहायचं. आणि कार्डाचा फोटो रद्द.

राहिली हिरवी खूण. तिथं मी दोन वाक्यं लिहिली. बटण दाबल्यावर आधी पिवळ्या रंगात: 'फोनमध्ये ठेवलं आहे. कर्जतला अजून पोचलेलं नाही.' आणि सर्व्हरचं उत्तर खरोखर आल्यावरच हिरव्यात: 'कर्जतला पोचलं.' दाब जास्त असेल तर पिवळ्याच्या खाली आणखी एक ओळ: 'डॉक्टरांना कळलेलं नाही. फोन करा.'

साहेबांना हे घेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"'अजून पोचलेलं नाही'? असं कसं लिहायचं? संस्थेची प्रतिमा काय राहील?"

"पण पोचलेलं नसतं, सर."

"'प्रक्रिया सुरू आहे' म्हणा. 'प्रलंबित' म्हणा."

"'प्रलंबित' वाचून ताई थांबतील. 'कळलेलं नाही' वाचून फोन करतील."

"आणि पिवळा रंग का? पिवळा म्हणजे आजारी वाटतं. निळा करा. किंवा फिकट हिरवा."

फिकट हिरव्यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. मी सांगितलं की फिकट हिरवा उन्हात हिरवाच दिसतो. ते म्हणाले, तेच तर हवं आहे. मग मी पाड्यावर जे बघितलं ते सांगितलं, दिसायचं कमी झालेल्या बाईसकट. साहेबांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "हे लेखी कुठे देऊ नका."

मी लेखी दिलं. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं: नोंदी हरवल्या त्या माझ्या चुकीमुळे, ताईनं रोज काम केलं, सात बाळंतपणंही माझीच. सेविका हसल्या. ताई हसली नाही. साहेबांनी इतिवृत्तात 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहायला सांगितलं. माझं नाव नको, चूक हा शब्द नको. जणू पंख्याचा वेग कमी-जास्त झाला होता. नोटीस रद्द झाली का, असं मी विचारलं तर कारकून म्हणाले, फाइलला लागलेला कागद काढता येत नाही, त्याच्यावर दुसरा लावता येतो. तो लावला.

जिन्यात मी ताईला म्हणाले, "ताई, माझं चुकलं. बैठकीत मी असं बोलायला नको होतं."

"सिस्टीम खोटं बोलत नाय, म्हणालात."

"हो."

"माझा नवरा तीन आठवडे विचारत होता, तू जातेस तरी कुठं रोज? नोटिशीचा कागद त्याच्या हातात पडलेला." तिनं ओढणी नीट केली. "ते कुठं भरायचं तुमच्या पानात? रकाना हाय का?"

मी नाही म्हणाले. ती खाली उतरून गेली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, की गोळ्यांच्या रकान्यात दोन आकडी संख्या बसत नाही, तेवढं बघ. मॅडमची मी 'अगं' झाले ती त्या फोनपासून. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. तिला काम करून घ्यायचं होतं आणि 'अहो' म्हणून माझ्याकडून काम होत नाही एवढं तिनं बघितलं होतं.

नवं पान चाललं. पहिल्याच दिवशी ताई संध्याकाळी वळणावर आली तेव्हा अडकलेल्या नऊ नोंदी एकदम पोचल्या आणि साहेबांच्या नकाशात भिवपुरीच्या वर नऊ ठिपके एका दमात उगवले. साहेबांनी मला फोन करून विचारलं, हे आधीच का नाही केलं? थोड्याच दिवसांत ते हायवेवरच्या एका हॉटेलात भरलेल्या चर्चासत्रात 'दुर्गम भागाची नाडी ओळखणारी प्रणाली' या विषयावर बोलून आले. प्रेक्षकांत मी होते. पिवळा रंग ही आपली मूळ कल्पना, असं त्यांनी सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय, शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या.

मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी खालापूरकडच्या एका नव्या सेविकेचा फोन आला. मुलगी विशीची, घाबरलेली. तिच्या फोनमध्ये अकरा नोंदी पिवळ्या होत्या, चार दिवसांच्या. तिच्या गावात त्या आठवड्यात मनोरा बंद होता. आणि सकाळी फोन फार हळू चालतो म्हणून तिनं फोन साफ करणारं काहीतरी चालवलं. आता पान उघडलं तर एकही नोंद दिसत नव्हती.

ब्राउझरचा साठा हा आपल्या मालकीचा नसतो. आपण तिथं भाडेकरूसुद्धा नसतो. कुणी साफसफाई काढली, फोनला जागा कमी पडली, की आपलं सामान न विचारता बाहेर. मला हे माहीत होतं आणि त्याची सूचना मी पानावर लिहिली नव्हती, कारण लांब झाली असती.

"मॅडम, परत येतील ना?"

तोंडावर दोन-तीन वाक्यं आली होती. बघते, प्रयत्न करते, सर्व्हर तपासते. मी म्हणाले, "नाही. गेल्या."

मग ती म्हणाली, "अकराच्या अकरा?"

"हो. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गावात अकरा घरं पुन्हा फिरलो. तिनं काही लिहून ठेवलं नव्हतं, तिला तसं करायला आम्हीच मनाई केली होती, कागद गेला पाहिजे म्हणून. लोक म्हणाले, परवाच तर येऊन गेली. ती सांगायची, हरवलं. मी सांगायचे, माझ्यामुळे हरवलं, आणि बायका माझ्याकडे नीट बघून घ्यायच्या. सातव्या घरातलं पोर काट्यात बसेना. अंग ताठ करून ओरडत होतं, आई त्याला दाबत होती, मुलगी काटा धरून उभी आणि मी पाळण्यातला खुळखुळा हलवत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. काटा हलत राहिला. आम्ही तो थांबायची वाट बघत होतो.